मांडव्याहून रत्नागिरी: घरच्या मंडळींसह, देणगीसाठी, सायकलवर

कोकण किनाऱ्याने सायकल चालवायची तर किलोमीटर मोजून भागत नाही, खाड्या मोजाव्या लागतात. प्रत्येक खाडीला रस्ता समुद्रसपाटीपर्यंत उतरतो, फेरीबोट नाहीतर पूल लागतो, आणि पलीकडे जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, परत चढायचे असते. अलिबागजवळचा मांडवा ते रत्नागिरी अंतर फिरत फिरत साधारण ३५० किलोमीटर भरते. एकट्या दमदार सायकलस्वाराला हे तीन-चार दिवसांचे काम. दहा-बारा वर्षांची मुले, पन्नाशीतली मावशी आणि रोज ऑफिसात बसणारे आईवडील मिळून निघणार असतील, तर दहा दिवस सायकलचे आणि एक विश्रांतीचा असे अकरा दिवस धरा. यातून एखाद्या संस्थेसाठी पैसे उभे करायचे असतील, तर तयारी निघण्याच्या निदान तीन महिने आधी सुरू व्हायला हवी.

आधी देणगीचे, मग सायकलचे

बहुतेक जण हे उलट करतात. सायकली घेतात, टी-शर्ट छापतात आणि निघायच्या आठवड्यात संस्था शोधतात. मग घाईत कुणाचे तरी नाव लागते, आणि पैसे स्वतःच्या खात्यात गोळा होतात. पुढच्या कटकटी तिथेच सुरू होतात.

संस्था एकच निवडा आणि काम नेमके ठरवा. ‘शिक्षणासाठी मदत’ एवढ्यावर लोक शंभर रुपये देतात. ‘या वाचनालयाला चार कपाटे आणि तीनशे पुस्तके’ म्हटले की हिशोब करून देतात. संस्थेकडे तीन गोष्टी मागा: धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, ८०जीचे (देणगीदाराला प्राप्तिकरात वजावट मिळवून देणारे) चालू प्रमाणपत्र आणि मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल. मागितल्यावर खजिनदार नाराज झाला, तर दुसरी संस्था बघा. आपण त्यांच्या नावाने पैसे मागणार असल्याचे लेखी कळवा आणि त्यांचे संमतीपत्र घ्या. देणगीचे आवाहन जाहीरपणे करणार असाल, तर धर्मादाय कार्यालयाला काही कळवावे लागते का, हे संस्थेच्या सनदी लेखापालाला विचारून घ्या.

पैसे थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. संस्थेचाच क्यूआर कोड आवाहनात टाका आणि शेऱ्यात ‘सायकल’ हा एकच शब्द लिहायला सांगा. त्यामुळे खजिनदाराला तुमच्या देणग्या वेगळ्या काढता येतात. रोज संध्याकाळी नावांची यादी मागवली की आभाराचे दोन शब्द मुलांकडूनही जातात. रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त दिली तर त्या रकमेवर ८०जीची वजावट मिळत नाही, आणि नवी करपद्धत निवडलेल्यांना ही वजावटच नाही. हे आधी सांगून टाका. नंतर कळले तर लोकांना फसवल्यासारखे वाटते.

परदेशातल्या नातेवाइकांची गोष्ट वेगळी. भारतीय पासपोर्ट असलेल्या काकांनी नेहमीच्या बँक मार्गाने पाठवलेले पैसे चालतात. पासपोर्ट दुसऱ्या देशाचा असेल, तर ती विदेशी देणगी ठरते, मग ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळते ते) असो वा नसो. अशी देणगी एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेली संस्थाच घेऊ शकते, आणि तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच. नोंदणी नसेल तर न्यू जर्सीच्या आत्याला प्रेमाने नाही म्हणा.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. देणगीचा शब्द मुलाच्या पायांना बांधू नका. ‘आमची सई ३५० किलोमीटर चालवणार, दर किलोमीटरला दोन रुपये द्या’ हे ऐकायला गोड लागते. सहाव्या दिवशी सईचा गुडघा दुखायला लागला की मात्र ते सगळ्यांच्या गळ्याशी येते. आजीआजोबांनी शब्द दिलेला, वर्गात सांगून झालेले. पोर दुखणे लपवून चालवत राहते आणि आईवडीलही कळून न कळल्यासारखे करतात. म्हणून शब्द कामाला बांधा: एवढी रक्कम, या कामासाठी, आम्ही निघतोय त्या निमित्ताने. किलोमीटरचा हिशोब हवाच असेल, तर सगळ्या कुटुंबाच्या एकत्रित किलोमीटरचा धरा आणि आवाहनातच लिहा की टेम्पोत बसलेला दिवसही प्रवासातच मोजला जाईल. देणगीदारांचे याने काही बिघडत नाही.

प्रवासखर्च आपल्या खिशातून. मुक्काम, जेवण, टायर, टेम्पो यांतला एकही रुपया देणगीतून नको, आणि हेही आवाहनात एका ओळीत लिहा. आवाहन दहा ओळींपेक्षा मोठे करू नका. पहिल्या दिवशी फक्त जवळच्या पंधरा-वीस जणांना पाठवा. यादीत आधीच काही नावे दिसली की पुढचे लोक मोकळ्या हाताने देतात. वाटेत पेटी घेऊन फिरू नका. कुणी आपणहून दिलेच, तर संस्थेचे पावतीपुस्तक जवळ असू द्या आणि जागेवर पावती फाडा.

कधी आणि कोणत्या दिशेने

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा मध्य. ऑक्टोबरची उष्णता मुलांना झेपत नाही आणि मार्चपासून सड्यावरची दुपार असह्य होते. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र टाळाच. अलिबाग–मुरूड रस्त्यावर तेव्हा गाड्यांची रांग असते, खोल्या मिळत नाहीत आणि फेरीबोटीलाही ताटकळावे लागते. शनिवार-रविवारीही या पट्ट्यात तीच गत, म्हणून सोमवारी सकाळी मांडव्याला उतरा.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे. हिवाळ्यात दुपारचा समुद्रावरचा वारा बहुधा वायव्येकडून येतो. तो पाठीवर किंवा उजव्या खांद्यावर राहिला तर दुपार सुसह्य होते. रत्नागिरीहून निघालात तर तोच वारा तोंडावर घ्यावा लागेल.

डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सव्वासहाला अंधारू लागते. पावणेसातला चाके फिरली पाहिजेत, एक वाजता थांबली पाहिजेत.

टप्पे

खालची अंतरे अंदाजे आहेत. गावात शिरणे, किल्ला, किनारा धरून रोज तीन-चार किलोमीटर वाढतातच.

पहिला दिवस: मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाड्या नेणाऱ्या) बोटीने मांडवा (सुमारे तासभर), मग अलिबागवरून रेवदंडा, ३८ किमी, जवळपास सपाट. गेटवेच्या लहान लाँचपेक्षा रो-रोच बरी, सायकली उचलून चढवाव्या लागत नाहीत.
दुसरा: साळावचा पूल, कोर्लई, काशीद, मुरूड, ३२ किमी. चढ लहान पण लागोपाठ.
तिसरा: राजपुरीचा चढ, आगरदांड्याहून दिघीला बोट, दिवेआगर, ३० किमी. जंजिरा बघायचा तर त्या दिवशी नको, मुरूडला पोहोचल्यावरच दुपारी उरका.
चौथा: आरावी, शेखाडी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, ४० किमी. शेखाडीचा तुकडा सबंध प्रवासातला सर्वांत देखणा, उजवीकडे समुद्र रस्त्याला खेटून असतो. इथे वेळ ठेवा.
पाचवा: विश्रांती.
सहावा: बागमांडल्याहून वेसवीला बोट, पुढे केळशी, ३५ किमी.
सातवा: आडे-पाडळे, आंजर्ले, हर्णै, २८ किमी.
आठवा: बुरोंडी किंवा दापोलीवरून दाभोळ, बोटीने धोपावे, गुहागर, ५५ ते ६० किमी. सगळ्यांत अवघड दिवस.
नववा: वेळणेश्वर, हेदवी, २४ किमी. आदल्या दिवसाची भरपाई.
दहावा: तवसाळहून जयगडला बोट, गणपतीपुळे, ४० किमी.
अकरावा: आरे-वारेवरून रत्नागिरी, २६ किमी.

आठव्या दिवसाबद्दल वेगळे सांगायला हवे. हर्णैहून आधी दापोलीच्या पठारावर चढ, मग दाभोळच्या धक्क्यापर्यंत लांब उतार, आणि बोटीतून उतरताच धोपाव्याचा उभा चढ. बोटीत बसून पाय थंड पडलेले असतात, त्यात लगेच चढ. मुले हमखास इथे रडकुंडीला येतात. उपाय साधा: बोटीत बसल्या बसल्या गूळ-शेंगदाणे किंवा केळे खायला द्या, धोपाव्याला पहिले पाचशे मीटर सायकल हातात धरून चाला, मग बसा. किंवा दाभोळला मुक्काम करून दिवस दोनात तोडा. बारा वर्षांखालचे कुणी असेल तर आम्ही तोडाच म्हणू.

वेळेचा हिशोब असा. मुलांचा सपाटीवरचा वेग ताशी १२ किमी धरा. शिवाय दर १०० मीटर चढाला १५ मिनिटे वेगळी मिळवा. ४० किमी आणि एकूण ६०० मीटर चढ असेल, तर तीन तास वीस मिनिटे अधिक दीड तास, अधिक थांबे दीड तास, म्हणजे सहा तास वीस मिनिटे. चढाचा आकडा मोबाइलच्या कोणत्याही सायकल-नकाशावर रस्ता आखल्यावर दिसतो. फक्त किलोमीटर बघून आखलेला दिवस कोकणात दुपारी तीनला रस्त्यावरच सापडतो.

फेरीबोट

वेळापत्रक धक्क्यावर आदल्या दिवशी विचारा. हंगाम, दुरुस्ती, भरती-ओहोटी यांनी वेळा पुढेमागे होतात. दाभोळची बोट बंद असेल, तर चिपळूणकडून वळसा म्हणजे सायकलवर आख्खा दिवस गेला. म्हणून टेम्पोवाल्याचा नंबर खिशात असावा. सुटे पैसे ठेवा. सायकलचे तिकीट किरकोळ असते, पण पाचशेची नोट काढली की मागची रांग थांबते.

धक्क्याच्या उतरत्या फरशीवर ओहोटीच्या वेळी शेवाळ उघडे पडते. तिथे सायकलवर बसून जायचे नाही, कुणीही नाही. आधी गाड्या चढू द्या, मग सायकली. बोटीत सायकली कठड्याला टेकवून एकमेकींत अडकवा आणि जुन्या ट्यूबच्या तुकड्याने बांधा. खारे शिंतोडे चेनवर उडतात, पलीकडे उतरल्यावर फडक्याने पुसा.

पूल आणि रुंदीकरणाची कामे जिथे निघाली आहेत, तिथे खडी, माती आणि डंपर असतात. आदल्या मुक्कामाच्या घरमालकाला पुढचा रस्ता विचारणे हे नकाशापेक्षा खात्रीचे.

सायकली

नवीन सायकल लागत नाही, हलका गिअर मात्र लागतोच. पुढच्या लहान चकतीचे दात भागिले मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दात, हे उत्तर १ पेक्षा कमी हवे. पुढे २८ आणि मागे ३४ असतील तर ०.८२, म्हणजे जयगडचा चढही बसून निघतो. पुढे ४२ आणि मागे २८ असतील तर उत्तर १.५, आणि तुम्ही प्रत्येक चढ चालत जाल. बिनगिअरची सायकल या रस्त्याला नकोच. मागची चकती बदलून घेणे स्वस्त पडते, पण मागचा डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तेवढे दात झेलतो का, हे दुकानदाराला आधी विचारा. नाहीतर चेन ताणली जाऊन तोच तुटतो.

उंची १३५ ते १५० सेंटिमीटर असलेल्या मुलाला २४ इंची चाक, त्यापुढे २६ किंवा २७.५. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून मोठी सायकल देऊ नका. हात ताणले जातात आणि ब्रेक नीट दाबला जात नाही. ब्रेकच्या दांडीजवळ एक लहान स्क्रू असतो. तो आत फिरवला की दांडी हँडलजवळ येते आणि मुलाच्या दोन बोटांना सहज पोहोचते. हे पाच मिनिटांचे काम सगळ्या उतारांवर उपयोगी पडते, आणि बहुतेक घरांत ते कुणी केलेले नसते.

सीटची उंची: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल सर्वांत खाली असताना गुडघा नुकता सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवल्यावर गुडघ्यात थोडा वाक उरतो. गुडघा पुढून दुखला तर सीट खाली आहे, मागून दुखला तर वर आहे. एका वेळी पाच मिलिमीटरच हलवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. मुलांना पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवायची सवय असते. दहा किलोमीटरला ती चालून जाते, चाळीसला नाही.

हवेचे दाब: ७०० बाय ३८ टायर, मोठे माणूस आणि सामान असेल तर मागे ६०, पुढे ५० पीएसआय. २६ बाय १.९५ असेल तर ४५ आणि ४०. मुलाच्या २४ इंचीत ३० ते ३५ पुरे. पेट्रोल पंपावरचे यंत्र गाड्यांसाठी असते, सायकलची ट्यूब ते एका झटक्यात फाडू शकते. हातपंपच वापरा, आणि घरातल्या सगळ्या सायकलींचे व्हॉल्व्ह एकाच प्रकारचे आहेत का बघा. बारीक प्रेस्टा आणि जाड श्रेडर मिसळले असतील तर छोटा अडॅप्टर घ्या.

निघण्याच्या तीन आठवडे आधी ओव्हरहॉलिंग करून घ्या, आदल्या दिवशी नाही. नव्या केबल ताणल्या जातात आणि गिअर परत लावावे लागतात. ते घरी असताना होऊ द्या. दुकानात ठासून सांगायचे: मागच्या चाकाचा आउट (वाकडेपणा) काढा आणि स्पोकचा ताण बघा, चेन किती ताणली आहे ते मोजा, ब्रेकचे रबर किंवा पॅड नवीन टाका, बॉल रेस उघडून ग्रीस भरा.

सोबत ठेवायचे सुटे भाग: प्रत्येक आकाराच्या दोन ट्यूब, पंक्चरचे सामान दोन डबे (सोल्युशन एकदा उघडले की सुकते), तीन टायर लिव्हर, ४-५-६ मिमीचे ॲलन पाने, चेन तोडायचे हत्यार आणि चेनच्याच स्पीडच्या (मागे जितक्या चकत्या तितक्या) दोन जोडकड्या, ब्रेक पॅडचे दोन जोड, गिअर आणि ब्रेकची एकेक केबल, १५ मिमीचा पायडलचा पाना, चिकटपट्टी, प्लॅस्टिकच्या आवळपट्ट्या. आणि प्रत्येक सायकलचा डिरेल्युअर हँगर, म्हणजे डिरेल्युअर फ्रेमला जोडणारा भाग. हा ॲल्युमिनियमचा इवलासा तुकडा प्रत्येक मॉडेलला वेगळा असतो. टेम्पोत सायकल उजव्या अंगावर आडवी ठेवली की हाच वाकतो, आणि दापोलीत काय, रत्नागिरीतही तुमच्या मॉडेलचा मिळेल याची खात्री नाही.

चेनला रोज संध्याकाळी कोरडे फडके, दर दुसऱ्या दिवशी तेलाचा एकेक थेंब प्रत्येक कडीवर, दहा मिनिटे थांबून वरचे तेल पुसून टाकणे. मोटरचे जुने तेल नको, जांभ्याची लाल धूळ त्यात मिसळून खरकागदासारखी चेन घासते.

पंक्चर काढणे घरातल्या निदान दोघांना आणि थोरल्या मुलाला यायला हवे. चाक काढा, लिव्हरने टायरची एक बाजू उघडा, ट्यूब फुगवून गालाजवळ फिरवा, गळती हवेच्या झुळकीने कळते. भोकाभोवती घासा, सोल्युशनचा पातळ थर लावा, आणि हात आवरा: चार-पाच मिनिटे सुकू द्या, बोटाला चिकटेनासे झाले की मगच पॅच दाबा. ओल्यावर लावलेला पॅच दोन किलोमीटरवर सुटतो. ट्यूब बसवण्याआधी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा. काटा किंवा तारेचा तुकडा तिथेच असतो, आणि तो न काढता नवीन ट्यूब टाकली की पंधरा मिनिटांत परत तेच. शेजारीशेजारी दोन भोके असतील तर काटा नव्हता, हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली. पॅच लावा आणि दाब वाढवा.

सामान आणि सोबतची गाडी

मुलांकडे पाणी, वाऱ्याचे जाकीट आणि खाऊ, बस्स. मोठ्यांनी प्रत्येकी आठ-दहा किलो, दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत सारखे वाटून. पाठीवर सॅक नको, खांदे आणि कंबर दोन्ही जातात.

सोबत चारचाकी ठेवावी का, यावर मतभेद असतात. मुले असतील तर ठेवा. फेरीबोटीत ती चढते, आणि मोठी माणसे आळीपाळीने एकेक दिवस चालवू शकतात. फक्त ती शेपटाला लागून हळूहळू चालवू नका. मागच्या गाड्या अडतात आणि ओव्हरटेकच्या नादात सायकलींच्या अंगावर येतात. गाडी पंधरा किलोमीटर पुढे जाऊन थांबावी. नाश्ता, पाणी आणि दमलेल्याला बसायला जागा, एवढेच तिचे काम.

सराव

दहा आठवडे. पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीनदा १५ किमी. मग दर आठवड्याला शनिवारची फेरी तीन-चार किमीने वाढवा. सहाव्या आठवड्यापासून चढ घाला. आठव्या आठवड्यात खरी परीक्षा: लागोपाठ दोन दिवस ३५ ते ४० किमी, त्यात निदान ४०० मीटर चढ, दोन्ही दिवस सामानासकट. पहिला दिवस कुणीही काढतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना तोंड कसे होते, ते बघा. रविवारी ‘नको’ म्हणणाऱ्या मुलासाठी टप्पे लहान करा, समजावून काही होत नाही.

दहाच्या आतल्या मुलाला रोजचे अंतर स्वतःच्या सायकलवर काढायला लावू नका. मोठ्याच्या सायकलमागे जोडलेली अर्धी सायकल किंवा सोबतची गाडी बरी.

रस्त्यावर

पुढे एक मोठे माणूस, मध्ये मुले, शेवटी सर्वांत दमदार माणूस. दमदाराला पुढे ठेवले की तांडा ताणला जातो आणि मागची मावशी एकटी पडते. वेग सगळ्यांत हळू चाकाचा. शेवटच्याने मुलाच्या रेषेपेक्षा हातभर उजवीकडे राहायचे, म्हणजे मागून येणारी गाडी आपोआप रुंद वळते. सपाटीला दोन सायकलींचे अंतर, उतारावर दहा मीटर. मुलांना उतारावर पुढच्याला गाठायची खुमखुमी येते, हा नियम रोज सकाळी नव्याने सांगावा लागतो.

उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. वळणाआधी दोन्ही मिळून दाबा, सोडा, परत दाबा. सतत घासल्याने रिम तापते, रबर गुळगुळीत होते आणि नेमक्या वळणावर पकड जाते. दाभोळ आणि तवसाळच्या उतारांवर मध्ये एकदा थांबून हात मोकळे करा.

हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटे, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढा पट्टा. मागचा लाल दिवा दिवसाही लुकलुकता ठेवा, आंब्या-काजूच्या सावलीत सायकल दिसत नाही. कुत्रा मागे लागला तर खाली उतरा आणि सायकल मध्ये धरून चाला. पळणाऱ्या चाकामागेच तो धावतो. अपघात झाला तर १०८ किंवा ११२.

पोटाचे: निघण्याआधी थोडेसे, नऊच्या सुमारास भरपेट पोहे किंवा घावणे, मग दर पाऊण तासाला काहीतरी तोंडात. चिक्की, केळे, खजूर, उकडलेले रताळे. पाणी ताशी अर्धा ते पाऊण लिटर, तहान लागायच्या आधी. मीठ घातलेले कोकम सरबत किंवा ताक उत्तमच. ओआरएस द्यायचे तर एक लिटरच्या पाकिटाला एक लिटरच पाणी. बाटली लहान आहे म्हणून अर्ध्या लिटरमध्ये कालवलेले दाट पाणी मुलाला उलट त्रास देते. घरगुती खानावळींना सकाळी दहापर्यंत फोन करून माणसे सांगा, बहुतेक ठिकाणी सांगितल्यावरच चूल पेटते. ऐन दुपारी अचानक सात जण दारात उभे राहिले तर वरणभातालाही तास लागतो.

गादीची सायकल-चड्डी आत दुसरे काही न घालता वापरायची आणि रोज रात्री धुवायची. दोन जोड प्रत्येकी. मांड्यांना सकाळी व्हॅसलीन किंवा खोबरेल. तिसऱ्या दिवशी पुरळ दिसले तर त्या दिवशी अर्धा टप्पा गाडीत.

मुलांचे फोटो टाकताना गाव सोडल्यावरच टाका. चालू ठिकाण फक्त घरच्यांच्या गटात ठेवा.

परतीचे

रत्नागिरीहून दोन वाटा. रेल्वेने न्यायच्या तर पार्सल कार्यालयात गाडीच्या दोन-तीन तास आधी पोहोचा. हँडलला आणि फ्रेमला नाव, कुठून-कुठे आणि फोन लिहिलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी घट्ट बांधा. तुमच्याच गाडीच्या डब्यात जागा मिळेलच असे नाही, सायकली दुसऱ्या दिवशीही येतात. चार-पाच सायकली असतील तर छोटा हत्ती (लहान टेम्पो) ठरवणे शहाणपणाचे. सायकली उभ्या ठेवा, मध्ये जुन्या गोधड्या. पायडल काढताना लक्षात ठेवा: डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते उजवीकडे फिरवून सुटते. जोर लावून आटे खाल्ले तर क्रँकच (पायडल बसते ती दांडी) बदलावा लागतो.

घरी आल्यावर पंधरा दिवसांत देणगीदारांना एका पानाचा हिशोब पाठवा: एकूण रक्कम, किती जणांकडून, कोणत्या कामाला, काम कधी होणार आणि पावती न मिळालेल्यांनी संस्थेत कुणाला विचारायचे. काम पूर्ण झाल्यावर कपाटांचा फोटो, तुमचा नाही. आणि सायकली त्याच आठवड्यात गोड्या पाण्याने धुवा. सीटची नळी बाहेर काढून पुसा, ग्रीस लावून परत बसवा. खाऱ्या हवेने ती फ्रेममध्ये धरली की पुढच्या वर्षी, पोर चार बोटे उंच झाल्यावर, हलत नाही.